माहिती : दख्खनी मेंढीची लोकर अन् हातचरख्याचं सूत, घोंगडी बनते कशी, अडते कुठे?

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सांगोला या दुष्काळी पट्ट्यात मेंढरं नाहीत असं गाव शोधून सापडायचं नाही. पण त्याच गावात घोंगडीचा माग आहे का, असं विचारलं तर जुनी माणसं बोट दाखवतात ते पडक्या घराकडे. मेंढरं आहेत, लोकर आहे, घोंगडी मागणारं गिऱ्हाईकही आहे. मधली कडी तुटलीय ती सुताची. लोकर कातून सूत काढणारा हात राहिला नाही, म्हणून माग थांबला. विणकर म्हातारा झाला, नव्या पोरांना नको वाटतं, ही कारणं सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. पण ज्या घरात विणणारा अजून आहे तिथंही तो सुताविना बसून असतो, हे कमी बोललं जातं.

मेंढीच्या अंगावरची लोकर ते मागावरची घोंगडी हे काम नेमकं कसं चालतं, कुठे काय काळजी घ्यायची आणि पाणी कुठं मुरतं, याची ही माहिती.

आपली मेंढी कोणती?

महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्राच्या पठारी भागातली मूळची जात म्हणजे दख्खनी मेंढी. रंगानं बहुतेक काळी, काही पांढऱ्या, काही तपकिरी, काही चट्ट्यापट्ट्याच्या. अंगानं मध्यम. पाय चिवट. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालून, कुसळाचं गवत आणि बाभळीच्या शेंगा खाऊन जगणारी. आपल्याकडे भागाप्रमाणे तिचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे प्रकार मानले जातात. जत भागातली माडग्याळ मेंढी वेगळी. ती उंच, पोपटासारख्या बाकदार नाकाची, मांसाला चांगली, बाजारात भाव खाणारी. पण तिच्या अंगावर कातरण्याजोगी लोकर फारशी नसते. हा फरक पुढं महत्त्वाचा आहे.

दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. मायक्रॉनच्या मापात तिचा केस सरासरी 50 च्या आसपास भरतो. ज्या मेरिनो लोकरीचे स्वेटर होतात तिचा केस 20 च्या आसपास, म्हणजे निम्म्याहूनही बारीक. शिवाय आपल्या लोकरीत पोकळ, ठिसूळ केसांचं प्रमाण जास्त असतं आणि केसाला कुरळेपणा कमी. त्यामुळे नुसती दख्खनी लोकर गिरणीत घातली तर केस निसटतात, सूत धड बनत नाही. तिचा स्वेटर केला तर अंगाला खाज सुटेल. पण पावसात डोक्यावर घ्यायला, थंडीत माळावर अंथरायला असाच राठ केस लागतो. तो दबत नाही, लवकर झिजत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. विस्तवाची ठिणगी पडली तर भडका घेत नाही, जळून काळी पडते आणि विझते. रानात शेकोटीजवळ झोपणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

एका मेंढीपासून वर्षाला लोकर किती? दोन्ही कातरण्या मिळून अर्धा ते पाऊण किलो. धूळ, कुसळ, पिंजताना उडणारी घट वजा केली की एका वेळच्या कातरणीतून हातात पाव किलोच्या आसपासच उरते. दोन-अडीच किलोची एक घोंगडी म्हणजे दहा-बारा मेंढरांची एका वेळची लोकर, हा हिशोब लक्षात ठेवावा.

लोकर घटली, मेंढरं घटली नाहीत

देशात 2012 च्या पशुगणनेत मेंढ्या साडेसहा कोटी होत्या. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत त्या 7 कोटी 42 लाखांवर गेल्या. महाराष्ट्रातही वाढून सुमारे 27 लाख झाल्या. याच काळात लोकरीचं काय झालं? केंद्राच्या आकडेवारीनुसार 2014-15 साली देशात 4 कोटी 81 लाख किलो लोकर निघाली होती, 2021-22 साली 3 कोटी 31 लाख किलो. मेंढरं वाढली आणि लोकर तिसऱ्या हिश्श्यानं उतरली.

याचा अर्थ सरळ आहे. मेंढी आता मांसासाठी पाळली जाते. कोकराला बाजारात चांगला पैसा मिळतो, लोकरीला मिळत नाही. बऱ्याच कळपांत माडग्याळ नर फिरतो, तेलंगणाकडे बिनलोकरीच्या नेल्लोर जातीचा. पुढच्या पिढीची अंगावरची लोकर कमी कमी होत जाते. मेंढपाळाला दोष देण्यात अर्थ नाही. कातरणीची मजुरी लोकर विकून निघत नाही, मग तो लोकरीसाठी जात कशाला सांभाळेल? पण दख्खनी मेंढी नुसती लोकरीची नाही. दुष्काळात तग धरणारी, लांबचा पल्ला चालणारी तीच आहे. संकराची मेंढरं पहिल्या पावसात लंगडतात अशी तक्रार वाड्यावाड्यावर ऐकू येते.

मधल्या काळात लोकर सुधारायची म्हणून विलायती मेरिनो, रॅम्बुलेट नरांशी संकर करण्याचे सरकारी आणि विद्यापीठ पातळीवर प्रयत्न झाले. लोकर बारीक झाली, पण भटक्या कळपात ती संततीं टिकवणं अवघड गेलं. याउलट फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दुसरी वाट धरली. सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गरोळ मेंढीत जुळी कोकरं देणारा गुण असतो. तो दख्खनी मेंढीत उतरवून संस्थेनं नारी सुवर्णा हा वाण तयार केला. एक मेंढी एकाऐवजी दोन कोकरं देऊ लागली तर मेंढपाळाला परवडतं आणि मूळ जातही हातची जात नाही.

कळप सांभाळताना

लोकर चांगली हवी तर मेंढी धडधाकट हवी. आजारी, जंत पडलेल्या मेंढीची लोकर मधेच तुटते. ओढून बघितली की मध्यावर कट्‌कन जाते, कातताना सारखा धागा तुटतो. पावसाळ्याच्या आधी जंताचं औषध आणि आंत्रविषाराची लस हे ठरलेलंच. त्याशिवाय पीपीआर, देवी, लाळ्या खुरकूत यांच्या लसी पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळापत्रकाप्रमाणे घ्याव्यात. तळ्याच्या कडेचं, साचलेल्या पाण्यातलं गवत टाळावं, तिथं गोगलगायींमुळे पर्णकृमी लागतो. गाभणकाळ पाच महिन्यांचा असतो. शेवटच्या दीड महिन्यात मेंढी उपाशी राहिली तर कोकरू अशक्त होतं आणि तिची लोकरही गळते.

खुणेसाठी मेंढीच्या पाठीवर ऑइलपेंट किंवा डांबर फासायची सवय मोडायला हवी. ते पिंजताना निघत नाही, धुताना निघत नाही. एका मेंढीचा पेंट दहा मेंढरांची लोकर नासवतो. गेरूनं खूण करावी, ती धुतली की जाते.

नवीन कळप करणाऱ्यांसाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. भटक्या जमाती (भज-क) प्रवर्गासाठी असलेल्या या योजनेत 20 मेंढ्या आणि 1 नर असा गट 75 टक्के अनुदानावर मिळतो. अटी आणि अर्जाच्या तारखा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचाराव्यात. पुण्यातील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे रांजणी, महूद, दहिवडी असे प्रक्षेत्र आपल्याच भागात आहेत. जातिवंत दख्खनी नर हवा असेल तर तिथं चौकशी करता येते.

कातरणी

वर्षातून दोनदा लोकर कातरतात. एकदा पावसाळ्याच्या आधी, एकदा पाऊस उघडून कडाका सुरू व्हायच्या आत. भागाप्रमाणे आणि वाडा कुठं आहे त्याप्रमाणे महिना मागेपुढे होतो. कातरणीच्या आदल्या दिवशी मेंढरं ओढ्याला किंवा तळ्याला नेऊन पोहणी घालतात. मळ, माती, लेंड्या निघतात. ओली लोकर कधी कातरू नये, ढिगात ठेवली की गरम होऊन कुजते, पिवळी पडते.

मेंढीचे पाय बांधून तिला कुशीवर निजवायचं आणि कातर कातडीलगत ठेवून एका अंगानं पुढं सरकायचं. पोट, मांड्या, मान इथली कातडी सैल असते, तिथं हात हलका. कातरकऱ्याची पारख यात असते की लोकर चादरीसारखी एकसंध उतरते. एकदा कातर फिरल्यावर राहिलेले खुंट दुसऱ्यांदा कापले तर अर्ध्या इंचाचे तुकडे पडतात. ते वजनात येतात पण सुतात राहत नाहीत, पिंजताना उडून जातात. कातर लागलीच तर जखमेवर हळद-तेल किंवा दवाखान्याचं मलम, नाहीतर माशी बसून अळ्या होतात.

पूर्वी हे काम सावडीनं व्हायचं. आज तुझा वाडा, उद्या माझा. जेवण मेंढीवाल्याचं. आता रोजानं माणूस लावावा लागतो, म्हणून बरेच जण कातरलेली लोकर तिथंच रानात टाकून पुढं जातात.

कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ही सगळ्यात मऊ. जावळाची घोंगडी अंगाला टोचत नाही, वजनाला हलकी, किमतीला दुप्पट-तिप्पट. तरी वाड्यावर जावळ आणि म्हाताऱ्या मेंढीची लोकर एकाच पोत्यात भरलेली दिसते. असं पोतं घेऊन व्यापारी कमी भाव देणारच. कातरतानाच जावळ वेगळी, काळी वेगळी, पांढरी वेगळी, पोटाखालची आणि शेपटीकडची घाण लोकर वेगळी अशी चार पोती करायला पैसा लागत नाही. घोंगडीत रंग घालत नाहीत, मेंढीचा रंग हाच घोंगडीचा रंग. त्यामुळे गर्द काळी लोकर वेगळी ठेवली तरच गर्द काळी घोंगडी मिळते. उन्हानं शेंडे भुरके झालेली लोकर मिसळली की सगळी घोंगडी तांबूस दिसते.

झोडणं, विंचरणं, पिंजणं

कातरलेली लोकर उन्हात वाळवून काठीनं झोडतात, धूळ उडते. मग बायका बसून हातानं मोकळी करतात. कुसळं, गोखरू, काटे एकेक करून वेचायचे. कंटाळवाणं काम. पण इथं आळस केला तर पुढं कातणारीच्या बोटात काटा जातो आणि घोंगडीत राहिलेलं कुसळ पांघरणाऱ्याला रात्रभर टोचतं.

मग पिंजण. धनुष्यासारख्या लाकडाला ताणलेल्या तातीला ठोका देत लोकर तिच्या कंपनावर उडवतात, केस न् केस सुटा होतो आणि कापसासारखा फुगतो. बऱ्याच गावांत हे काम पिंजारी करायचे. आता काही ठिकाणी पिंजणयंत्र आहे. यंत्राचा वेग जास्त, पण कोरडी आणि स्वच्छ लोकर नसेल तर दात अडकतात. पावसाळ्यात लोकर सादळते, हातानं असो की यंत्रानं, पिंजण नीट होत नाही. म्हणून पावसाळ्याआधी पिंजून ठेवायची पद्धत होती.

पिंजलेल्या लोकरीचे वीतभर लांबीचे सैल पेळू वळतात. पेळू सारख्या जाडीचा असला तर सूत सारखं येतं. निम्मं काम पेळवातच होतं म्हटलं तरी चालेल.

कातणं : सगळ्यात मोठं काम, सगळ्यात कमी दाम

घरच्या चरख्याला एक मोठं लाकडी चाक, समोर लोखंडी चाती आणि दोन्ही जोडणारी माळ. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या हातात पेळू. पेळवाचं टोक चातीवरच्या जुन्या धाग्याला लावलं की पीळ धरतो. मग डावा हात मागं नेत जायचा, हात पुरेल तितका. पीळ पेळवात शिरतो आणि केस ओढले जाऊन धागा होतो. हात फार भरकन नेला तर धागा विरळ होऊन तुटतो, सावकाश नेला तर पीळ साचून धागा कुरळा होतो आणि स्वतःभोवती गुंततो. धागा पुरता झाला की चाक थोडं उलटं, हात आडवा, आणि तयार सूत चातीवर गुंडाळायचं. पुन्हा पहिल्यापासून. चातीवर भरलेल्या सुताची कुकडी झाली की ती काढून नवी.

ताण्याचं सूत आणि बाण्याचं सूत वेगळं असतं. ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. त्यांच्यावर ओढ पडते, म्हणून पीळ जास्त, धागा बारीक आणि चिवट. बाणा म्हणजे आडवा धागा. तो सैल पिळाचा, फुगीर. ऊब देतो तो हाच. चांगली कातणारी बाई आज ताण्याचं काततेय की बाण्याचं, हे चाकाच्या आवाजावरून घरातल्यांना कळायचं.

चरखा घरी. रानात, मेंढरामागं चालताना टकळी. हातातली काडी आणि खाली वजन, मांडीवर किंवा बोटानं फिरवून सोडायची. चालता चालता सूत निघतं. हे काम गडीमाणसंही करायची. टकळीला वेग नाही, पण दिवसभर मेंढरामागं मोकळा हात असतो, त्याचं सूत होतं. आता त्या हातात मोबाईल आहे, असं म्हणून जुनी माणसं हसतात. खरं तर मोबाईलचा तसा दोष नाही. सुताला दाम असता तर टकळीही राहिली असती.

खरी गोम इथं आहे. विणायला एक-दोन दिवस लागत असतील तर तेवढं सूत कातायला एका बाईला त्याच्या कितीतरी पट दिवस जातात. एक माग रोज चालवायचा तर त्याला सूत पुरवायला कित्येक चरखे लागतात. घोंगडी विकली की पैसा विणकराच्या किंवा व्यापाऱ्याच्या हातात येतो. कातणारी घरातली असेल तर तिला वेगळं काही मिळत नाही, बाहेरची असेल तर किलोवर मजुरी. ही मजुरी एका दिवसाच्या खुरपणीच्या रोजापुढं फारच थोडी पडते. द्राक्षबागेत, डाळिंबाच्या बागेत, ऊसतोडीला हात हवेच असतात. चरखा माळ्यावर जाऊन पडला तो यामुळे. कोणी परंपरा सोडली असं म्हणायचं असेल तर रोज किती पडतो हेही सोबत म्हणावं लागेल.

काही ठिकाणी चरख्याला छोटी मोटर बसवून उजवा हात मोकळा केला जातो. दोन्ही हात पेळवाला मिळाले की सूत जास्त निघतं आणि खांदा दुखत नाही. त्यानं सूत 'हाताचं' राहत नाही अशी हरकत शहरातले काही खरेदीदार घेतात. हरकत घेणाऱ्यांनी आठवडाभर चाक फिरवून बघावं. धागा ओढणारा हात तोच आहे, फक्त चाक फिरवणारा बदलला. बचत गटांनी चरखे घेताना निदान याचा विचार करावा. आणि मजुरी किलोवर न ठरवता ताण्याच्या बारीक सुताला वेगळा, बाण्याला वेगळा दर ठेवावा. बारीक सुताचं वजन कमी भरतं, वेळ जास्त जातो. एकच दर ठेवला की सगळ्याजणी जाड सूत कातणार, आणि मग विणकर म्हणणार सूत चांगलं येत नाही.

खळ आणि माग

सूत झालं की ताणा घालतात. मोकळ्या जागेत खुंट्या रोवून त्यावरून धागे फिरवायचे. यावर खळ चढते. चिंचोके भाजून टरफल काढतात, भिजवून वाटतात आणि पाण्यात शिजवून चिकट खळ करतात. कुंच्यानं ही खळ ताण्यावर लांब हात मारत लावायची आणि कडक उन्हात वाळू द्यायची. खळीनं धाग्याचे उभे राहिलेले केस बसतात, धागा ताठ आणि गुळगुळीत होतो, मागावर घासून तुटत नाही. ढगाळ दिवस असेल तर ताणा घालत नाहीत, ओली खळ आंबते आणि वास मारते. म्हणून पावसाळ्यात घोंगडीचा माग बंद. चिंचोका आपल्याकडे उन्हाळ्यात पाहिजे तेवढा, तोही घरातल्या बायकांनीच फोडलेला.

माग जमिनीतल्या खड्ड्याचा. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात पावड्यांवर. पावडी दाबली की ताण्याचे निम्मे धागे वर, निम्मे खाली. मधल्या फटीतून धोटा फेकायचा, फणी ओढून बाणा ठोकायचा, दुसरी पावडी. खड्ड्यात गारवा असतो, लोकरीचा धागा फार कोरडा होऊन तुटत नाही. आपल्या भागात हे काम मुख्यतः सणगर समाजाचं. मेंढरं धनगरांची, विणणं सणगरांचं, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची जोड. कोल्हापुरात सणगर गल्ली हे नाव अजून चालतं. कर्नाटकात हीच वस्तू कंबळी म्हणून ओळखली जाते आणि चळ्ळकेरेचं नाव त्यासाठी घेतलं जातं.

विणून झाल्यावर काठाचे दशे वळतात, पुन्हा खळीचा हात देतात आणि उन्हात ताणून वाळवतात. नवी घोंगडी म्हणूनच पुठ्ठ्यासारखी ताठ लागते. घेणाऱ्याला वाटतं राठ आहे. दोन-चार महिने वापरली की खळ निघते आणि ती मऊ पडते.

खांद्यावर, देवापुढं आणि म्हणीत

मेंढक्याची घोंगडी म्हणजे रेनकोट, अंथरूण, पांघरूण आणि पोतं, सगळं एकात. पावसात एका कोपऱ्याची खोळ करून डोक्यावर घेतली की पाठीवरून पाणी निथळून जातं. लोकर ओल धरून फुगते, विणीतली भोकं बंद होतात, म्हणून पाऊस आत येत नाही. पण एकदा पूर्ण भिजली की वाळता वाळत नाही. न सुटणाऱ्या प्रकरणाला आपण 'भिजत घोंगडं' म्हणतो ते यावरून. तलाठ्याच्या कार्यालयात हा शब्द रोज ऐकू येतो, वस्तू मात्र दिसत नाही.

बिरोबाच्या, खंडोबाच्या ओव्यांना बसताना घोंगडी अंथरतात, धनगरी लग्नात ती लागतेच. आरेवाडीच्या आणि पट्टणकोडोलीच्या यात्रेत खांद्यावर घोंगडी असलेली माणसं आजही दिसतात. रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील यांचं चित्र डोळ्यापुढं आणलं तरी खांद्यावर घोंगडी येते. एवढा मान असलेल्या वस्तूचं सूत कोणी कातलं, हे मात्र कोणाला विचारावंसं वाटत नाही.

टाकाऊ लोकरीचं काय करायचं?

पोटाखालची, लेंड्या चिकटलेली, पेंट लागलेली लोकर सुताला चालत नाही. ती ओढ्यात टाकू नये, कुजायला फार दिवस घेते आणि पाइपात अडकते. लोकर म्हणजे केसच, शुद्ध लोकरीत नायट्रोजन 16 टक्क्यांच्या आसपास असतो. डाळिंब, आंबा, लिंबाच्या आळ्यात मातीखाली पातळ थर दिला तर ओल धरून ठेवते आणि सावकाश कुजत खत देते. वरती उघडी ठेवली तर वाऱ्यानं उडते, म्हणून माती ओढावी. पेंट आणि डांबर लागलेला भाग आधी कापून टाकावा.

घोंगडी घेताना आणि वापरताना

यात्रेत, हमरस्त्यावरच्या दुकानात घोंगडी म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू लोकरीची नसते. गिरणीतल्या चिंध्यांच्या आणि ॲक्रेलिकच्या सुताची काळी ब्लँकेटं तशाच पट्ट्या टाकून येतात. स्वस्त असतात, घेण्यात गैर काही नाही, पण घोंगडीच्या भावात घेऊ नयेत.

हातची घोंगडी उजेडाकडं धरली तर धागे थोडे जाडबारीक दिसतात, रंग सगळीकडं एकसारखा नसतो, नाकाला चिंचोक्याचा आणि मेंढराचा किंचित वास येतो. धुवायची वेळ क्वचितच येते. आली तर थंड पाणी आणि रिठे, गरम पाणी आणि घासणं नको, नाहीतर लोकर आटून घट्ट होते आणि घोंगडी वीतभर कमी भरते. पिळू नये, दोरीवर न टांगता सपाट वाळत घालावी. ठेवताना कडुलिंबाचा वाळला पाला घालावा आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा ऊन दाखवावं, म्हणजे कसर लागत नाही.

शंका असेल तर दुकानदाराला विचारून काठाचा एक धागा तोडावा आणि काडी लावावी. लोकर केस जळाल्याच्या वासानं करपते आणि बोटानं चुरली की राख होते. ॲक्रेलिक वितळतं आणि थंड झाल्यावर त्याची टणक काळी गुठळी बनते, ती फुटत नाही.